वास येईपर्यंत नळ उघडा

‘रविवारी सकाळी 8 ते संध्याकाळी 6 पाणी बंद. टाकी साफ करणे आहे. पाणी भरून ठेवावे.’ आमच्या सोसायटीच्या फळ्यावर वर्षातून दोनदा एवढंच लिहिलं जातं. यंदा त्याखाली मी दोन ओळी वाढवल्या: ‘गिझर आणि फिल्टरचा कॉक बंद ठेवावा. निरोप आल्यावर घरातले सगळे नळ वास येईपर्यंत उघडावेत.’ शनिवारी रात्रीपर्यंत सात जणांनी गाठून विचारलं, कसला वास?

हे खूळ माझं नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. त्यांचा मुलगा मिशिगनला असतो. त्याच्याकडे फिरतं घर आहे. मोटारीतच ओटा, पलंग, मोरी, पाण्याची टाकी. हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून ते लोक टाकी रिकामी करून नळ्यांतून गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रव सोडतात. थंडी सरली की ते धुऊन काढायचं, टाकीत ब्लीचचं पाणी भरायचं आणि एकेक नळ उघडून त्या पाण्याचा वास येईपर्यंत थांबायचं. मग काही तास तसंच ठेवून सगळं धुऊन टाकायचं. गेल्या वर्षी काकांनी तिकडे स्वतः हे केलं आणि परत आल्या आल्या मीटिंगमध्ये विचारलं, ‘आपण टाकी धुतो, ठीक. पाइप कोण धुतं?’

कोणीच नाही. मुलुंडमध्ये आम्हाला पाण्याविषयी बोलायचा जरा जास्तच हक्क वाटतो. पाणी शुद्ध करणारं भांडुप संकुल शेजारी आणि तानसा तलावाची जलवाहिनी दारावरून जाते. 1892 साली बांधून झालेल्या त्या तलावापासून आजच्या सात तलावांपर्यंत महापालिकेनं किती लोखंड घातलं, हे सांगायला गच्चीवर नेहमी कोणीतरी असतंच. पण भांडुपला तुरटीनं निवळलेलं, वाळूतून गाळलेलं, क्लोरिन दिलेलं पाणी आमच्या फाटकाशी येतं आणि मीटरच्या पुढे ते आमचं होतं: आधी खालची टाकी, मग पंप, वरची टाकी, मग सोळा घरांत उतरणारे पाइप. गेल्या खेपेच्या ठेकेदारानं दोन्ही टाक्या दोन तासांत उरकल्या, कसलंसं ‘औषध’ ओतलं, फळ्याशेजारी प्रमाणपत्र चिकटवलं आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी बेसिनच्या जाळीत तांबूस चिखल.

या वेळी खालची टाकी शनिवारी घेतली, म्हणजे रविवारी पहाटेचं पाणी स्वच्छ टाकीत पडेल. सकाळी दोन्ही झाकणं उघडली, पंपानं पाणी वीतभर उरेपर्यंत उपसलं आणि मी म्हटलं, चला. कामाला आलेल्या तिघांतला वयानं मोठा गडी जागचा हलला नाही. ‘साहेब, आधी आत वारा फिरू द्या.’ एका तोंडाशी उभा पंखा लावून त्यानं तासभर विड्या ओढल्या, टाकीपासून लांब बसून. मला घाई होती, ती मी गिळली. मार्च 2025 मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले मजूर गुदमरून दगावले होते. बंद टाकीत प्राणवायू कमी पडला तर तो डोळ्यांना दिसत नाही; पाय लटपटेपर्यंत उशीर झालेला असतो. एक जण दोर घेऊन वर राहिला, शेवटपर्यंत. आत बॅटरीचाच दिवा.

तळाशी बोटभर गाळ होता, मऊ, भिजवलेल्या मेंदीसारखा. भिंतींना शेवाळ नव्हतं. अंधारात ते धरत नाही. होता तो एक बुळबुळीत पापुद्रा, पाणी जिथपर्यंत चढतं तिथे दाट. हाताला रेशमी लागतो आणि किळस येते. जंतूंनी आपल्याभोवती विणलेलं घर आहे ते, आणि क्लोरिन वरवरचं मारून परत फिरतं. म्हणून आधी काथ्याच्या ब्रशानं घासणं, औषध नंतर. धाकट्या गड्यानं क्षारांचे डाग काढायला ॲसिडची बाटली आणली होती. ती मी फाटकाबाहेर ठेवायला लावली. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरिनचा वायू सुटतो, आणि टाकीत पळायला जागा नसते.

रविवारी वरची टाकी. इथे गाळ कमी, पण झाकणाचा रबर गेलेला आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाची जाळी फाटलेली. महापालिकेचा कीटकनाशक विभाग टाकीला शिडी आणि घट्ट झाकण मागतो, ते उगाच नाही. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी डास स्वच्छ पाण्याचा शौकीन. शंभर वर्षांपूर्वी तो मुंबईच्या विहिरींत होता. विहिरी बुजल्या, तो गच्चीवर राहायला आला.

घासून, धुऊन टाकी कोरडी झाली आणि साडेदहाला काकांचा हिशेब निघाला. तिकडचं माप पंधरा गॅलनला पाव कप ब्लीच, म्हणजे लिटरला साधारण पन्नास मिलिग्रॅम क्लोरिन. आमच्या 20,000 लिटरच्या टाकीत 5,000 लिटरच पाणी घेतलं, म्हणजे अडीचशे ग्रॅम क्लोरिन हवं. गावोगाव ग्रामपंचायती वापरतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर तिच्यात तेहेतीस टक्के क्लोरिन असतं. म्हणून पाऊण किलो. पाकीट उघडं राहिलं की ताकद उडते, त्यामुळे नवीनच आणलं होतं.

पावडर तशीच टाकीत टाकायची नसते. काकांनी प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिचं पिठलं केलं, गुठळ्या मोडल्या, मग बादली भरून ढवळली आणि पंधरा मिनिटं हात लावू दिला नाही. चुना खाली बसला. वरचं निवळ, किंचित हिरवट पाणी तेवढं अलगद टाकीत ओतलं; खालचा पांढरा साका टाकून दिला. तो पाइपात गेला असता तर जाळ्या चोंदल्या असत्या.

मग वॉचमननं जिन्यातून हाक दिली, ‘नळ सोडा!’

पुढचा अर्धा तास सोळा बिऱ्हाडं नळाला नाक लावून उभी होती. आधी न्हाणीघर, मग बेसिन, संडासाची टाकी, शेवटी ओटा. आधी जुनं पाणी येतं, मग हवा खोकते, मग वास. कोणी म्हणालं तरणतलाव, कोणी म्हणालं सरकारी दवाखाना. अडचण अशी की पाचव्या मिनिटाला जिन्यातच वास भरला आणि नाकं निकामी झाली. काकांनी क्लोरोस्कोप काढला: काचेच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब. थोडं क्लोरिन असेल तर पिवळी झाक येते. आमची नळी नारिंगी झाली, तळमजल्याच्या ओट्यावरचीसुद्धा. पाण्याची फिल्टरं मात्र चुकवावीच लागतात. एवढं क्लोरिन आरओच्या पडद्याला मानवत नाही. ज्यांनी कॉक बंद केला नव्हता त्यांनी तो आता धावत जाऊन केला.

चार तास पाणी पाइपांत मुरू दिलं. साडेतीनला टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह उघडून उरलेलं सोडलं, खालून ताजं पाणी चढवलं आणि पुन्हा हाक, पुन्हा सगळे नळ. या खेपेला नळीत जेमतेम पिवळसर छटा उरेपर्यंत. पाणी फुकट गेलं, हे खरं. मे महिन्यात ते वाहताना बघणं जड गेलं. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दोन बादल्या पकडून जिना धुऊन घेतला आणि वर मलाच ऐकवलं, ‘गाळ तुम्ही काढला, पण भुर्दंड पाण्याला.’

संध्याकाळी चहाला वास आला म्हणून तीन तक्रारी आल्या. वासाशिवाय पाणी आलं असतं तर मी घाबरलो असतो, हे त्यांना पटलं नाही.

एक घर राहिलं. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी दोन वर्षं परदेशी आहेत, किल्ली त्यांच्याबरोबर. त्यांच्या पाइपात दोन वर्षांचं पाणी उभं आहे. गच्चीवर त्यांच्या फाट्याचा व्हॉल्व्ह प्लंबरनं बंद केला आणि त्यावर लाल चिंधी बांधली. काका खाली उतरताना म्हणाले, ‘ते यायच्या आदल्या दिवशी मला कळवा. पाव किलो पावडर राखून ठेवतो.’ मग थबकले. ‘नको. तोवर तिची ताकद जाईल. नवीनच आणू.’