शहरी वस्ती आणि पोकळीत घरटी करणाऱ्या माश्या

मधमाशी म्हटली की पोळे, मध आणि हजारो माश्यांचे कुटुंब डोळ्यांपुढे येते. परंतु पोळे न बांधता एकेकट्याने राहणाऱ्या माश्यांच्या जाती कितीतरी अधिक आहेत. त्यांपैकी बहुतेक जमिनीत बिळे करतात. काही जाती मात्र बांबूचे पेर, वाळलेली पोकळ काडी, लाकडातील भोक किंवा भिंतीतील भेग अशा तयार पोकळीत घरटे करतात. गांधीलमाश्यांच्याही कित्येक जाती अशाच राहतात. कुलपाचे भोक किंवा रिकामी नळी मातीने लिंपलेली आढळते, ती बहुधा यांचीच करणी होय.

घरट्याची रचना

मादी पोकळीत एकामागून एक कोठड्या रचते. प्रत्येक कोठडीत पराग व मध यांचा साठा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि तोंड बंद करते. पाने कातरणारी माशी त्यासाठी पानांचे तुकडे वापरते, तर इतर जाती माती किंवा डिंक वापरतात. गांधीलमाशी परागाऐवजी बधिर केलेल्या अळ्या किंवा कोळी भरते; म्हणून पिकावरील अळ्यांचा काही अंशी परस्पर बंदोबस्त होतो. तूर व लसूणघास यांच्या फुलांवर या माश्या नित्य येतात. तागाच्या फुलावर तर पाने कातरणाऱ्या माश्या व लाकूड पोखरणारे मोठे भुंगे आल्यावाचून बी नीट धरत नाही.

शहरात काय घडते?

या माशीला तीन गोष्टी लागतात : योग्य मापाची पोकळी, कोठडी बांधण्याचे साहित्य आणि जवळपास फुले. लहान जाती घरट्यापासून काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत. म्हणून तिन्ही गोष्टी एकाच परिसरात असाव्या लागतात. शहरात भिंतींच्या भेगा व नळ्या पुष्कळ मिळतात. परंतु वाळके झाड तोडले जाते, मोकळी माती फरशीखाली जाते आणि फुलझाडे विखुरली जातात. पोकळी राहते, पण संसार चालत नाही.

कॅनडातील टोरंटो शहरात या विषयाचा बारकाईने अभ्यास झाला आहे. तेथे तीन वर्षांत घरट्यांच्या सुमारे ६०० पेट्या टांगून पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पेट्यांत २७,००० हून अधिक माश्या व गांधीलमाश्या आढळल्या. त्यांतील मधमाशीवर्गीय माश्यांपैकी सुमारे ४७ टक्के परदेशांतून आलेल्या जातींच्या होत्या. स्थानिक माश्यांना परोपजीवी किडींचा उपद्रवही अधिक झाला. त्याच शहरातील गच्च्यांवरील बागांत इमारतीची उंची वाढली तशी घरटी कमी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत पाने कातरणाऱ्या वर्गातील दोन जातींनी पान व डिंक यांच्या जोडीला प्लास्टिकचे तुकडे आणि भेगा बुजवण्याचे कृत्रिम द्रव्य वापरल्याचे दिसले.

यावरून बोध असा की, नुसती पेटी टांगल्याने माशी वाचत नाही. पेटीत कोण वस्तीला येते व तिच्या भोवती काय आहे, यावर सर्व अवलंबून असते.

गावाने काय करावे?

गावे वाढत आहेत. शाकारलेल्या छपरांच्या जागी पत्रे व सिमेंट, आणि झुडपी कुंपणाच्या जागी तार येत आहे. म्हणून शहराला लागून असलेल्या गावांत हा प्रश्न प्रथम जाणवेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना पुढील गोष्टी समजावून द्याव्यात.

(१) बांधावरील वाळलेल्या पोकळ काड्या सरसकट जाळू नयेत. थोड्या तशाच उभ्या ठेवाव्यात. अडचण नसेल तेथे वाळके खोडही राहू द्यावे.

(२) एका टोकास पेर बंद असलेले, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे व ४ ते १० मिलिमीटर पोकळीचे बांबूचे तुकडे घ्यावेत. दहा-पंधरा तुकड्यांची जुडी करून वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशी बांधावी.

(३) एकाच जागी मोठी पेटी न करता लहान जुड्या दूरदूर ठेवाव्यात. गर्दी झाली की परोपजीवी किडी वाढतात. आतील माश्या बाहेर पडल्यावर जुने तुकडे बदलावेत.

(४) बांधावर वर्षभर काही ना काही फुलेल अशी झाडे राखावीत आणि जवळ थोडी ओली माती ठेवावी.

(५) फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अटळच असेल तर माश्या घरट्यात परतल्यावर, संध्याकाळी करावी.

(६) गुलाबाच्या पानांना गोल काप पडलेले दिसले तर घाबरून औषध मारू नये. ती हानी अल्प असते. ते पान माशीच्या पिलांचे अंथरूण झालेले असते.

या कामास पैसा जवळजवळ लागत नाही. परंतु बांध एकदा उघडा-बोडका झाला आणि माशी निघून गेली, तर फुलोरा भरघोस असूनही तागाचे बी धरणार नाही.