पोलीस ठाण्याच्या अलीकडे

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईबद्दल लोक हमखास विचारतात, मग ती निघून का जात नाही? तिने निदान कोणाला सांगितलं तरी होतं का, हे सहसा कोणी विचारत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशातल्या ७७ टक्के बायकांनी ती कधी कोणाकडे बोलून दाखवली नव्हती. मदत मागितली ती १४ टक्क्यांनी. महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चारांपैकी एकीने नवऱ्याची हिंसा अनुभवली आहे. दारूच्या घरांत प्रमाण बरंच जास्त, पण न पिणाऱ्यांची घरंही त्यातून सुटलेली नाहीत.

सांगितलं नाही म्हणजे काही केलं नाही, असं मात्र नव्हे. आवाज चढायला लागला की पोरांना शेजारी पाठवायचं. बचत गटात चार पैसे जास्त टाकायचे. आधार कार्ड आणि मुलांचे जन्मदाखले गुपचूप आईकडे ठेवायचे. दिराला मध्ये घालायचं, फारच झालं तर आठ दिवस माहेरी जाऊन यायचं. घाटी रुग्णालयात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, तर ‘जिन्यावरून पडले’. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. पण बाई वेगळी होऊ पाहते तोच काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा ठरतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. तिला ते अभ्यासाशिवाय कळतं.

मराठवाड्याला अशा घुसमटीची जुनी आठवण आहे. बीडच्या मंजुश्री सारडाचं लग्न फेब्रुवारी १९८२ मध्ये झालं आणि जूनमध्ये पुण्यात सासरी तिचा मृत्यू झाला. मधल्या चार महिन्यांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून मनातलं कळवलं होतं. सत्र न्यायालयाने खुनासाठी पतीला दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये खून सिद्ध होत नाही म्हणून त्याची निर्दोष सुटका केली. निकाल काहीही लागो, पुण्यातल्या बायका अस्वस्थ झाल्या होत्या. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नारी समता मंच ही संघटना त्याच अस्वस्थतेतून उभी राहिली. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन त्यांनी भरवलं आणि पुढे ‘बोलते व्हा’ केंद्र काढलं. बाईने आधी मोकळेपणी बोलावं, तक्रारीचं नंतर पाहू, हा विचार तेव्हा नवा होता.

तोच धागा २००० मध्ये मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने पुढे नेला. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई जखम घेऊन दवाखान्यात येतेच. तिथेच तिच्याशी बोलणारं कोणी का नसावं?

छत्रपती संभाजीनगरात आज पोलिसांचा भरोसा सेल आहे, सखी केंद्र आहे, १८१ आणि ११२ हे मदतीचे क्रमांक आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तर पुष्कळ बायकांना वाटतो त्यापेक्षा कामाचा आहे. तो दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात नवऱ्याला तुरुंगात पाठवण्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ‘त्याला आत टाकलं तर घर कसं चालणार’ या धास्तीने अडलेल्या बाईला हा फरक मोठा आहे. या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. न्यायालय तिला राहत्या घरात राहू देण्याचा, खर्च देण्याचा, प्रसंगी नवऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश देऊ शकतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क तेवढ्याने संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं.

कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अर्जाबरोबरच अंतरिम आदेश मागणं महत्त्वाचं. तो नवरा हजर नसतानाही मिळू शकतो आणि मोडला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वकिलाच्या फीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला उत्पन्नाची अट नाही, म्हणजे नवऱ्याचा पगार कितीही असो, तिला मोफत वकील मागता येतो.