वळू निवडायचा तो कालवडींसाठी

अमेरिकेत गोमांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांचा बांधा गेल्या शतकात दोनदा पार बदलला, आणि दोन्ही वेळा प्रदर्शनातल्या बक्षिसांचा त्यात मोठा वाटा होता. १९४० च्या दशकात परीक्षकांना बुटका, गुटगुटीत वळू आवडे. बक्षीस त्याला, म्हणून मागणीही त्यालाच. होता होता हेरफर्ड आणि अँगस या दोन्ही जातींत जन्मतःच खुजी, धापा टाकणारी वासरे दिसू लागली. खुजेपणाचे प्रच्छन्न जनुक कळपाकळपांत पसरले होते. मग हौस उलटी फिरली आणि १९७०-८० च्या दशकांत उंच, लांब पायांच्या वळूंची चढाओढ लागली. गुरे मात्र चरत होती त्याच माळांवर. त्या माळाला काय पेलवते हे विचारणारे थोडेच. पशुपालक टॉम लॅसेटर त्यांतले एक. वजन, बांधा, दूध, प्रजनन, काटकपणा आणि स्वभाव एवढ्या सहाच गोष्टी पाहून त्यांनी बीफमास्टर ही जात घडवली. रंग आणि शिंगे त्यांनी हिशेबात धरलीच नाहीत.

ज्या कळपात कालवडी घरच्याच ठेवतात, तिथे वळू हा पुढच्या गाईंचा बाप म्हणून निवडावा. विकायच्या वासरांचे वजन त्यानंतर पाहावे, असे माझे मत आहे. सलग तीन पिढ्या बाहेरून वळू आणले, तर तिसऱ्या पिढीतल्या कालवडीत साडेसत्त्याऐंशी टक्के वाटा त्या तीन वळूंचा असतो. मूळच्या गाईंचे नावापुरतेच उरते. आणि गाईकडून अपेक्षा काही थोडी नाही. ती सुमारे २८३ दिवस गाभण असते, म्हणजे दरवर्षी वासरू हवे तर व्याल्यावर जेमतेम ८० दिवसांत ती पुन्हा फळली पाहिजे, तीही अंगावर वासरू पीत असताना, बहुतेक गवताच्या जोरावर. खाल्लेले आधी तिच्या जगण्याला आणि दुधाला जाते, माजाची पाळी शेवटी येते. देह मोठा असला की हे गणित आणखी आवळते. ६०० किलोची गाय ४५० किलोच्या गाईपेक्षा वजनाने ३३ टक्के जास्त, पण निव्वळ जगण्यासाठी तिला लागणारे अन्न सुमारे २४ टक्केच जास्त. किलोमागे पाहिले तर थोरली गाय काटकसरीची ठरते, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण मालकाला हिशेब द्यावा लागतो तो कुरणाचा. जिथे ४५० किलोच्या १०० गाई निभतात, तिथे ६०० किलोच्या साधारण ८० च निभतील. शंभर गाईंची वासरे सरासरी २२० किलोंची भरत असतील, तर या ८० जणींचे प्रत्येक वासरू २७५ किलोंचे भरावे लागेल, तेही एकही गाय भाकड न राहता. चारा तुटपुंजा झाला की आधी मोडते ते हेच.

कुरण बदलले की वळूची किंमतही बदलते, हे दाखवणारा एक चांगला प्रयोग १९६० च्या दशकात झाला. माँटाना राज्यातल्या माइल्स सिटीच्या संशोधन केंद्रात १९३४ पासून हेरफर्डची एक शाखा जोपासलेली होती. फ्लोरिडातल्या ब्रुक्सव्हिलला दुसरी. एकीकडे हाडे गोठवणारा हिवाळा, दुसरीकडे दमट उन्हाळा. दोन्हीकडची काही गुरे अदलाबदल करून वर्षानुवर्षे मोजमाप ठेवले गेले. जात तीच, तरी दोन्ही ठिकाणी सरस ठरली ती तिथलीच शाखा. (दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांनी तर थेट भारताकडे पाहिले: अमेरिकी ब्राह्मण जातीत गीर, कांकरेज आणि ओंगोलबरोबर आपली कृष्णाकाठची गुरेही मिसळलेली आहेत.)

म्हणून लिलावात चमकणाऱ्या वळूला पहिला प्रश्न विचारावा तो त्याच्या खुराकाचा. धान्यावर फुगवलेला गोऱ्हा कुरणात सोडला की महिन्याभरात उतरतो, आणि त्याची चरबी नुसती कातडीखाली नसते. वृषणे शरीरापेक्षा काही अंश थंड राहिली तरच वीर्य नीट तयार होते. पिशवीच्या मानेत चरबी साठली की उष्णता बाहेर पडत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणजे बिघाड सुधारेपर्यंत माजाचा हंगाम हातचा जातो. तपासणीत पशुवैद्य वृषणांचा घेर फितीने मोजतो: १५ महिन्यांपर्यंतच्या गोऱ्ह्याचा किमान ३० सेंटिमीटर, दोन वर्षांवरच्या वळूचा ३४. सूक्ष्मदर्शकाखाली ७० टक्के शुक्रजंतू निर्दोष आकाराचे दिसावे लागतात. घेराचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी सहसा लवकर माजावर येतात, म्हणजे लेकींची चुणूक बापातच मोजता येते. जमल्यास त्याची आईही पाहावी. आठव्या-नवव्या वेतालाही कासेने आणि खुरांनी धड, दरवर्षी वेळेवर व्यालेली, अशी ती असेल तर वंशावळीच्या कागदापेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबेन.

यावर आकडेवाले म्हणतील, डोळ्यांनी पारखण्याचे दिवस गेले. आता प्रत्येक वळूची आनुवंशिक गुणमूल्ये छापून मिळतात. आकडे उपयोगीच आहेत, कारण एकाच गोठ्यात, एकाच खुराकावर वाढलेल्या सोबत्यांशी तुलना करून ते काढलेले असतात आणि चांगल्या चाऱ्याचे श्रेय रक्ताला जाऊ देत नाहीत. हे काम डोळ्यांना जमत नाही. अडचण कुठला आकडा पाहतो यात आहे. वर्षाच्या वयाचे वजन एवढेच पाहून निवड केली, तर जन्मवजन आणि प्रौढ गाईचे वजन दोन्ही मागोमाग वाढतात: विताना अडचणी, मग थोरल्या गाई. कालवडी गाभण राहण्याचे प्रमाण आणि गाई कळपात टिकण्याचे प्रमाण यांचेही आकडे काही जातींत मिळतात, पण कोवळ्या वळूच्या बाबतीत ते कच्चे असतात; त्याच्या लेकी अजून व्यालेल्याच नसतात.

सगळी वासरे विकायचीच असतील, तर मात्र हा सारा युक्तिवाद गळून पडतो. तिथे विताना अडचण होणार नाही एवढे पाहून झपाट्याने वाढणारा, भरदार वळू बिनदिक्कत घ्यावा. मोठ्या कळपाला दोन्ही तऱ्हेचे वळू ठेवता येतात. पंचवीस-तीस गाईंच्या मालकाला एकच वळू परवडतो. त्याने तो भरदार घ्यायचा ठरवले, तर कालवडी दुसऱ्याकडून विकत आणाव्यात, आणि त्या ज्या वळूच्या असतील त्याची चौकशी तितक्याच बारकाईने करावी.