बिरसीची धावपट्टी आणि विरळ हवेचे शिक्षण

गोंदिया शहराच्या ईशान्येला सुमारे १२ किलोमीटरवर, कामठा गावाजवळच्या धानाच्या बांध्यांमध्ये बिरसीचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी लष्करी गरजेपोटी बांधलेली ही धावपट्टी स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ फारशी वापरात नव्हती. १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आली आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात गेली. त्यानंतर धावपट्टी सुमारे २,३०० मीटरपर्यंत वाढली आणि प्राधिकरण व ‘सीएई’ ही कॅनडातील कंपनी यांच्या भागीदारीतून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. उत्तर प्रदेशातील फुर्सतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनेही पुढे आपल्या प्रशिक्षणाचा काही भाग येथे आणला. प्रवासी विमानसेवा बिरसीला उशिरा, म्हणजे २०२२ मध्ये आली. त्याआधीची अनेक वर्षे या विमानतळाची खरी ओळख शिकाऊ वैमानिकांचे गाव हीच होती, आणि त्या ओळखीकडे अभियांत्रिकी शिक्षणाच्या दृष्टीने पाहण्याची गरज आहे.

भारतातील नियमांनुसार शिकाऊ वैमानिकाचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना अठराव्या वर्षी मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावे लागतात आणि किमान २०० तासांच्या उड्डाणाची नोंद लागते. त्यांपैकी १०० तास विद्यार्थ्याने स्वतःच्या जबाबदारीवर विमान चालवलेले असावे लागते. म्हणजेच नुकत्याच शाळा-कनिष्ठ महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हाती येथे एक संपूर्ण यंत्र सोपवले जाते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ज्या वयात कार्यशाळेत लोखंडाचा तुकडा कानशीने घासत असतो, त्याच वयात बिरसीचा विद्यार्थी इंधन, पंख, हवा आणि स्वतःचे वजन यांचा एकत्रित हिशोब मांडत असतो, आणि त्याच्या हिशोबातील चूक परीक्षकाच्या लाल शाईपर्यंत थांबत नाही.

या शिक्षणाची सुरुवात जमिनीवर होते. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘टेक्निकल’ म्हणून ओळखला जाणारा यंत्रविषय यांच्या लेखी परीक्षा असतात; परंतु विषयांची खरी सांगड लागते ती ‘प्री-फ्लाइट’मध्ये, म्हणजे उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून हाताने केलेल्या तपासणीत. डायमंड कंपनीचे एक इंजिनाचे ‘डीए-४०’ किंवा दोन इंजिनांचे ‘डीए-४२’ ही येथील प्रशिक्षणाची विमाने असून त्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा नसून तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचा असतो. विद्यार्थी हातात ‘चेकलिस्ट’ घेऊन पंखाच्या कडा चाचपतो, इंजिनातील तेलाची पातळी पट्टीने पाहतो, टाकीच्या तळाची झडप दाबून थोडेसे इंधन पारदर्शक पेल्यात घेतो आणि ते उजेडासमोर धरतो. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने ते टाकीत शिरले असेल तर पेल्याच्या बुडाशी वेगळे दिसते. घनतेचा जो धडा शाळेत एका गुणाच्या प्रश्नापुरता असतो, तो येथे रोज सकाळी पेल्यात पाहावा लागतो. त्यानंतर ‘पिटो’वरचे, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून वेग सांगणाऱ्या नळीवरचे, आवरण काढले आहे ना, हे बघितले जाते. ही बारीक नळी आवरणाने किंवा एखाद्या किड्याच्या घरट्याने बुजली, तर वेगदर्शकावर भरवसा ठेवता येत नाही.

घनतेचा हाच विषय विदर्भाच्या उन्हाळ्यात सर्वांत मोठा होतो. हवा तापली की प्रसरण पावते आणि विरळ होते, तर विमानाचा पंख वरचा जोर मिळवतो तो हवा खाली ढकलून. म्हणून हवा जितकी विरळ, तितका त्याच वेगाला मिळणारा जोर कमी. बिरसी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातील १० अंशांच्या पहाटेशी तुलना केली, तर मे महिन्यातील ४३ अंशांच्या दुपारी येथील हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. वैमानिक या स्थितीला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’, मराठीत घनता-उंची, म्हणतात: हवेची घनता प्रमाणित वातावरणात ज्या उंचीवर असते, ती उंची. त्या दुपारी बिरसीची घनता-उंची जवळपास १,३०० मीटर भरते. धानाच्या सपाट मुलखात उभे असलेले विमान हवेच्या हिशोबाने जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवर उभे असते.

याचा परिणाम विद्यार्थ्याला वेगदर्शकाच्या आणि धावपट्टीच्या वेगळ्या साक्षींतून कळतो. वेगदर्शक हवेचा दाब मोजत असल्याने विरळ हवेत तो खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवतो. समजा, वारा पडलेला असताना वेगदर्शकावर ६० नॉट, म्हणजे ताशी ६० सागरी मैल, दिसल्यावर विमानाचे नाक उचलायचे आहे. हिवाळ्याच्या पहाटे तो आकडा दिसतो तेव्हा विमानाचा खरा वेग ताशी सुमारे ११२ किलोमीटर असतो, तर मेच्या दुपारी त्याच आकड्याला तो ११८ च्या वर गेलेला असतो. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय विरळ हवेत प्रोपेलरची ओढ घटते आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्तीही उतरते. आकडा तोच, पण धावपट्टी भराभर मागे पडत राहते आणि विमान उठायला अधिक वेळ घेते. त्या क्षणी घाईने नाक वर ओढणे ही नवशिक्याची स्वाभाविक चूक असते. पंख हवेला फार मोठ्या कोनात सामोरा गेला तर त्यावरचा प्रवाह तुटतो आणि जोर कोसळतो. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. डोळ्यांवर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवून थांबण्याचा संयम हा या प्रशिक्षणातील सर्वांत कठीण धडा मानला पाहिजे.

दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे स्तंभ हलक्या विमानाला हेलकावे देतात आणि पारदर्शक छताखालचा कक्ष भट्टीसारखा होतो. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेच्या वेळेला मोल येते. ‘सर्किट’ म्हणजे धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घालून पुन्हा उतरणे. ते अनेक वेळा घोटल्यावर आणि शेजारच्या आसनावरून प्रशिक्षक उतरून गेल्यावर पहिले एकट्याचे उड्डाण, ‘सोलो’, येते. पुढे ‘क्रॉस-कंट्री’मध्ये किमान ३०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचे, एक उड्डाण करावे लागते. वैनगंगेचे पात्र, मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आणि जिल्ह्यातील तलाव नकाशाशी जुळवत जाणाऱ्या विद्यार्थ्याला एप्रिल-मे महिन्यांत तलावांचे आकारही आक्रसलेले दिसतात, म्हणजे खुणासुद्धा ऋतूप्रमाणे बदलतात.

या शिक्षणाची किंमत केवळ शुल्कात मोजता येत नाही. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान वैनगंगेवरून गेलेल्या तारेला धडकून कोसळले आणि १८ मार्च २०२३ रोजी दुसरे बालाघाटच्या डोंगराळ जंगलात पडले; दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी मृत्युमुखी पडले. या चार जणांची आठवण ठेवल्याशिवाय बिरसीविषयी लिहिणे अपुरे ठरेल. चेकलिस्टमधील प्रत्येक ओळ कोणाच्या तरी अनुभवातून आलेली असते, हे विद्यार्थ्याला याहून स्पष्ट कोणी सांगू शकत नाही.

मात्र लक्षावधी रुपयांचा खर्च असलेल्या या शिक्षणापर्यंत धान उत्पादक कुटुंबातील मुलाने पोचणे अतिशय अवघड आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी ज्या गावाने जमिनी दिल्या, त्या गावाच्या मुलांना ही विमाने मुख्यतः खालून पाहावी लागतात. ती सगळी वैमानिक होणार नाहीत आणि तशी गरजही नाही. परंतु घनता, दाब आणि वेग यांचा जिवंत प्रयोग शाळेच्या डोक्यावरून चालला असताना तोच धडा फळ्यावरील सूत्रापुरता राहावा, हे जिल्ह्याचे नुकसान आहे. जिल्हा परिषदेने, विमानतळ प्राधिकरणाने आणि प्रशिक्षण संस्थांनी मिळून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मे महिन्यात बिरसी येथे दोन आठवड्यांची उन्हाळी कार्यशाळा नियमितपणे घ्यावी. तिच्यासाठी विमान उडवण्याची आवश्यकता नाही. एक तापमापक, एक वायुदाबमापक, जमिनीवर उभे असलेले एक विमान आणि पेलाभर इंधन उजेडासमोर धरून दाखवणारा एक प्रशिक्षक एवढी सामग्री पुरेशी आहे.