सहायक अनेक, वाचणारा एक

फेब्रुवारी 2025 मध्ये अँथ्रॉपिकने क्लॉड कोड प्रायोगिक स्वरूपात खुलं केलं, एप्रिलमध्ये ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय आलं आणि जूनमध्ये गूगलचं जेमिनी सीएलआय. तिन्ही टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालणारी एआय सहायक साधनं. आपण साध्या भाषेत काम सांगायचं. सहायक फायली उघडतो, कोड लिहितो, टेस्ट चालवतो, धोक्याची कमांड द्यायची असेल तर परवानगी मागतो. एक सहायक कामात असताना रिकामं कशाला बसायचं, म्हणून प्रोग्रामरने दुसरी खिडकी उघडली, मग तिसरी. थोड्याच दिवसांत कुठल्या खिडकीत काय चाललंय आणि कोण ‘हो’ची वाट बघत खोळंबलाय, हे ध्यानात ठेवणं हेच मोठं काम होऊन बसलं. त्या गरजेपोटी 2025 मध्येच क्लॉडिया (पुढे तिचं नाव ओपकोड झालं), क्रिस्टल, कंडक्टर अशी डेस्कटॉप अ‍ॅप्स निघाली. एकाच वेळी अनेक सहायक राबवता येतात, हे त्यांचं आकर्षण. मला मात्र त्यांचं मोल दुसरीकडे दिसतं. यंत्राने काय केलं ते माणसाला वाचता यावं, थांबवता यावं आणि उलटवता यावं, यासाठी ही अ‍ॅप्स मोलाची आहेत, आणि त्यांची पारख याच कसोटीवर व्हायला हवी.

आधी अनेक सहायकांची गोष्ट. दोन सहायक एकाच फोल्डरमध्ये सोडले तर एकाने बदललेली फाइल दुसरा नकळत पुन्हा बदलतो आणि कुणाचा बदल कुठला हे सांगता येत नाही. यावरचा उपाय कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये आधीपासून होता. जुलै 2015 च्या 2.5 आवृत्तीत ‘वर्कट्री’ची सोय आली: कोडचा इतिहास एकच, पण प्रत्येक ब्रांच आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये उघडलेली. जवळजवळ दहा वर्षं ही कमांड थोड्याच लोकांच्या वापरात होती. क्रिस्टल आणि कंडक्टर यांनी तिलाच पाया केलं. नवं सेशन सुरू केलं की नवी वर्कट्री तयार होते, काम पटलं तर मुख्य ब्रांचमध्ये मर्ज करायचं, नाही पटलं तर टाकून द्यायचं. व्यवस्था चांगली आहे, पण ती फक्त गिटच्या ताब्यातल्या फायली वेगळ्या करते. पासवर्ड आणि किल्ल्या ठेवलेली फाइल सहसा गिटमध्ये नसते, म्हणून नव्या फोल्डरमध्ये ती येत नाही. लायब्रऱ्या पुन्हा बसवाव्या लागतात. दोन सेशन्सनी एकच पोर्ट धरला तर दुसऱ्याचा सर्व्हर उठत नाही. आणि डेटाबेस सगळ्यांचा एकच असेल, तर एका सहायकाने टेबलाची रचना बदलली की शेजारच्याच्या टेस्ट विनाकारण पडू लागतात. म्हणजे वेगळेपणा दिसतो त्यापेक्षा पातळ असतो, आणि तो कुठे संपतो हे प्रोग्रामरला माहीत असावंच लागतं.

क्लॉडियाने वेगळी वाट धरली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. क्लॉड कोड प्रत्येक सेशनचा सगळा व्यवहार वापरणाऱ्याच्या संगणकावर साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवतं: काय सांगितलं, कोणती फाइल वाचली, कोणती कमांड चालवली, उत्तर काय आलं. दुकानाच्या रोजकिर्दीसारखी ही नोंद, फक्त उघडून वाचायला किचकट. रस्ट आणि टॉरी वापरून बांधलेल्या क्लॉडिया या मुक्तस्रोत अ‍ॅपने ती प्रकल्पवार मांडून दाखवली, जुनं सेशन पुन्हा सुरू करायची सोय दिली, किती टोकन खर्च झाले ते दाखवलं आणि मध्येच ‘चेकपॉइंट’ ठेवून तिथून मागे फिरायचा किंवा वेगळा फाटा काढायचा मार्ग दिला. चेकपॉइंटची मर्यादाही स्पष्ट आहे. फायली परत येतात; पाठवलेला ईमेल, पुसलेला डेटाबेस परत येत नाही. नोंदीलाही मुदत आहे. क्लॉड कोडच्या मूळ सेटिंगप्रमाणे जुन्या सेशन्सच्या फायली 30 दिवसांनी पुसल्या जातात. सहा महिन्यांनी बग सापडला आणि ही ओळ अशी का लिहिली असा प्रश्न पडला, तर त्याचं उत्तर ज्या संवादात होतं तोच उरलेला नसतो. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या कंपन्यांत दुसऱ्याने लिहिलेला कोड वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या प्रोग्रामरना या ‘का’ची किंमत सांगायला नको. नोंद जपून ठेवणं हे अशा अ‍ॅपचं पहिलं कर्तव्य मानलं पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, वेग वाढतोय ना, मग नोंदींचं एवढं कौतुक कशाला? पण वाढलेला वेग मोजतो कोण? जुलै 2025 मध्ये मेटर या संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. 16 अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्या ओळखीचे मुक्तस्रोत प्रकल्प, 246 कामं. काही एआयच्या मदतीने, काही मदतीशिवाय. एआयसह कामाला 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्या प्रोग्रामरना वाटत होतं की आपण 20 टक्के वेगाने केलं. प्रयोग छोटा होता, साधनं 2025 च्या सुरुवातीची होती, आजची त्याहून सरस आहेत. त्यामुळे 19 हा आकडा आज लागू होईलच असं नाही. अंदाज आणि वास्तव यांतली तफावत मात्र साधन बदललं म्हणून आपोआप मिटत नाही. स्वतःच्या वेगाबद्दल स्वतःची साक्ष पुरेशी नसेल, तर लेखी नोंद हवीच. शिवाय अडथळा लिहिण्यात उरलेला नाही, तो वाचण्यात आहे. स्मार्टबेअर या कंपनीने सिस्कोमध्ये केलेल्या कोड-रिव्ह्यूच्या अभ्यासाचा सल्ला होता की एका बैठकीत 200 ते 400 ओळींपलीकडे जाऊ नये, त्यापुढे चुका नजरेतून सुटू लागतात. पाच सहायक मिळून तेवढ्या ओळी पहिल्या चहाच्या आत लिहून ठेवतात.

टीमक्स हे टर्मिनल विभागणारं साधन वापरणारे जुनेजाणते विचारतात, टर्मिनलचे तुकडे करून हेच होत नाही का? सेशन्स चालू ठेवण्यापुरतं नक्की होतं. पण प्रत्येक ब्रांचमधला फरक शेजारी दिसणं, थांबलेलं सेशन वेगळं ओळखू येणं, जुना संवाद शोधता येणं, हे स्वतः जोडत बसावं लागतं. हाताशी असलेली सोय वापरली जाते, जोडावी लागणारी राहून जाते. टेस्ट आहेत की, त्या चुका पकडतील, हा आक्षेप वरवर भक्कम आहे. मात्र टेस्ट लिहिणारा आणि कोड लिहिणारा सहायक एकच असेल, तर चुकीची समजूत दोन्हीकडे सारखीच उतरते. टेस्ट पास करण्यासाठी टेस्टच सैल केल्याची उदाहरणंही घडली आहेत, आणि ती डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचल्याशिवाय कळत नाहीत.

सर्वांत गंभीर आक्षेप भविष्याचा आहे: मॉडेल इतकी सुधारतील की वाचायची गरजच उरणार नाही. पण लिझन बेनब्रिज यांनी 1983 मध्ये स्वयंचलनावरच्या निबंधात दाखवलं की यंत्र जितकं भरवशाचं, तितकी देखरेख करणाऱ्या माणसाची सवय सुटते, आणि नेमकी कठीण वेळच त्याच्या वाट्याला येते. दहा वेळा बरोबर आलेला बदल अकराव्या वेळी न वाचता मर्ज होतो. म्हणून या अ‍ॅप्समध्ये मला आज एक उणीव प्रकर्षाने जाणवते. किती सेशन्स चालू आहेत, किती टोकन खर्च झाले, हे पडद्यावर पाहता येतं. मर्ज होऊ घातलेल्या कोडपैकी किती ओळी माणसाने खरोखर वाचल्या, हा आकडाही त्यांच्याच शेजारी, तितक्याच ठळकपणे दिसायला हवा.