काचेबाहेरचे आई-बाप

बाळाला काचेत ठेवलंय म्हटलं की घरच्यांना वाटतं, आता सगळं मशीनच्या आणि डॉक्टरांच्या हाती. आपण बाहेर बाकावर बसून राहायचं. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडच्या परिसरातलं बाळ सरकारी व्यवस्थेत जातं ते बहुधा बीडच्या जिल्हा रुग्णालयातल्या 'एसएनसीयू'त, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, आणि तिथे न पेलणारं दुखणं असेल तर मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेलं, 1800 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं, जन्मताच न रडलेलं, धाप लागलेलं किंवा काविळीने पिवळंधमक झालेलं मूल इथे येतं. आत गेल्यावर आई-बाप पहिल्यांदा घाबरतात ते नळ्या-वायरींना. पण त्यातल्या बऱ्याच वायरी फक्त नोंद ठेवणाऱ्या असतात, आणि पायाला लावलेला सेन्सर सैल झाला तरी मशीन ओरडतं. नाकातल्या नळीतून दाबाने हवा जाते ती फुप्फुसं मिटू नयेत म्हणून. तोंडातून पोटात गेलेली नळी दुधासाठी, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. पहिल्या आठवड्यात वजन घटतं, आणि ते भरून यायला दोनेक आठवडे लागू शकतात. रोज काट्याकडे बघून रडण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं असं, की या कक्षात आई ही भेटायला आलेली व्यक्ती नसते; ती स्वतः उपचार देणारी असते. तिचा चीक पिळून काढून थेंब-थेंब दिला तरी तो आतड्यांच्या जीवघेण्या आजारापासून आणि जंतूंपासून राखतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 साली मातृदुग्धपेढी निघाली ती याच कारणासाठी. दुसरा उपचार म्हणजे उघड्या छातीशी धरणं, ज्याला कांगारू केअर म्हणतात. भारतासह पाच देशांत 3211 कमी वजनाच्या बाळांवर झालेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या बाळांपैकी 28 दिवसांत 12 टक्के दगावली. आधी स्थिर करून मग छातीशी दिलेल्यांपैकी 15.7 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्याच वर्षी आपली शिफारस बदलली.

यावर परिचारिका म्हणतील, नातेवाईक आत आले की जंतू येतात. भीती खोटी नाही. पण त्याच अभ्यासात छातीशी धरलेल्या बाळांमध्ये जंतुसंसर्गाच्या संशयाचं प्रमाणही कमीच निघालं. अट एवढीच, की तिथे आईला कक्षातच खाट होती आणि हात धुण्याची शिस्त होती. शिवाय जन्मल्यावर स्वतःहून श्वास घेऊ न शकणारी बाळं त्यात नव्हती. म्हणजे दहा नातेवाइकांना दार उघडा असा याचा अर्थ नाही; आईला आणि बापाला उघडा, एवढाच आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनाही आई-बापांना शिकवून आत घ्या असंच सांगतात. घरातून येणारी हरकत वेगळी असते: ओली बाळंतीण, सोयर, शेक-शेगडी. बाळंतिणीला विश्रांती हवीच, पण ती बाळाजवळच्या खाटेवरही मिळते. आणि ती उठू शकत नसेल तर बापाची छातीही तितकीच ऊबदार असते.

खर्चाच्या धास्तीने बाळाला लवकर घरी नेऊ नये. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे. पुढच्या देखरेखीतून बाळांची खरी गळती सुटी झाल्यावर होते, आणि बीड जिल्ह्यात तिला एक खास कारण आहे. दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात; मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असली की कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मागे राहू शकत नाही, आणि कोवळं मूलही उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पोचतं. घरी येऊन बाळ तपासणाऱ्या आशाताई मात्र गावातच राहतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या खेड्यांत दाखवून दिलं, की प्रशिक्षित बाईने घरी जाऊन बाळ तपासलं तर नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटू शकतात. आशांच्या भेटी त्यावरच बेतल्या आहेत. फडावर ही साखळी तुटते, आणि त्याचा दोष एकट्या आई-बापांच्या माथी मारणं मला पटत नाही. मुलाची नोंद गाळपाच्या गावी पोचवणं हे आरोग्य खात्याचं काम आहे.

तोवर आई-बापांनी सुटीचं कार्ड जपून सोबत न्यावं. दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांआधीचं बाळ असेल तर डोळ्यांचा पडदा चार आठवड्यांच्या आत तपासून घ्यावा, फार लहान असेल तर त्याहीआधी. पडद्याचा दोष बाहेरून दिसत नाही, आणि वेळ गेली तर दृष्टी परत येत नाही. कानांची तपासणी राहिली असेल तर तीही विचारावी. बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं किंवा छाती आत ओढून श्वास घेऊ लागलं, तर फडावर असा की गावात, सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.