नदीकाठचं सहा महिन्यांचं गाव

ऑक्टोबर अर्धा सरला की अ‍ॅरिझोनातल्या पार्कर गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर घरं दिसू लागतात. पिकअप ट्रकच्या मागे जोडलेली, एसटीएवढी लांब, मागच्या बाजूला सायकली बांधलेली घरं. नंबरप्लेटा नॉर्थ डकोटाच्या, मिनेसोटाच्या, मोंटानाच्या, कॅनडातल्या अल्बर्टा आणि सस्कॅचेवानच्या. चालवणारे बहुतेक पासष्टी ओलांडलेले. उत्तरेत पहिला बर्फ पडायच्या आत निघायचं, कोलोरॅडो नदीच्या काठी उतरायचं आणि एप्रिलमध्ये परत फिरायचं, हा त्यांचा वर्षाचा नेम. या माणसांना अमेरिकेत स्नोबर्ड म्हणतात आणि त्यांच्या चाकांवरच्या घराला आरव्ही.

मी हिवाळ्यात मुलीकडे फिनिक्सला असते. तिथून पार्कर अडीच-तीन तासांवर. जावयांच्या ओळखीचं एक जोडपं तिथल्या एका आरव्ही पार्कात सहा महिने राहतं, त्यांच्यामुळे हे गाव मला आतून पाहायला मिळालं. आधी वाटलं होतं, गाड्या बघायला चाललोय. पण बघण्यासारखा आहे तो तिथला शेजार. दर ऑक्टोबरला तो नव्याने बांधावा लागतो, आणि ही माणसं तो मन लावून बांधतात.

आधी नदीबद्दल. वर पार्कर धरण, खाली हेडगेट रॉक धरण आणि मधला सुमारे 25 किलोमीटरांचा पट्टा म्हणजे पार्कर स्ट्रिप. पूर्वेचा काठ अ‍ॅरिझोनाचा, पश्चिमेचा कॅलिफोर्नियाचा. 1938 साली पुरं झालेलं पार्कर धरण 320 फूट उंच आहे, पण त्यातलं 235 फूट नदीच्या मूळ तळाखाली गाडलेलं. डोळ्यांना दिसतं ते थोडंसंच. इथलं पाणी पावसावर चढत-उतरत नाही. विजेची मागणी किती, खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पाणी किती मागवलंय, त्यावर धरणातून किती सोडायचं ते ठरतं. युमाजवळच्या इम्पीरियल धरणापर्यंत हे पाणी पोचायला तीनेक दिवस लागतात, म्हणून शेतकऱ्याला आपली मागणी आधी नोंदवावी लागते. काठावर होडी बांधणारा माणूस दोराला मुद्दाम ढील ठेवतो, कारण दिवसभरात पाणी खाली-वर होतं. एका दिवसात आपल्या अंगणासमोरची नदी दोनदा वेगळी दिसणं ही इथे कोणालाच नवलाची गोष्ट वाटत नाही.

उन्हाळ्यात हाच पट्टा तरुणांचा असतो. तापमान 45 अंशांवर, पाण्यात भरधाव मोटरबोटी, रात्रभर गाणी. थंडीत दुपारी अठरा-वीस अंश, निरभ्र आकाश, पाण्यावर बदकं आणि पाणकोंबड्या, आणि रस्त्याच्या कडेने फिरणारी मोकाट गाढवं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खाणींच्या शोधात आलेल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांची ही पिल्लावळ. आणखी एक गंमत म्हणजे थंडीत पलीकडचा काठ तासभर मागे असतो. कॅलिफोर्निया वर्षातून दोनदा घड्याळ बदलतो, अ‍ॅरिझोना बदलत नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च पूल ओलांडला की वेळ बदलते. जेवणाचं आमंत्रण द्यायचं तर कोणत्या काठाची वेळ तेही सांगावं लागतं.

माझ्या ओळखीचं जोडपं नॉर्थ डकोटाचं. काका धान्याच्या कोठारावर कामाला होते, काकू शाळेच्या ग्रंथालयात. दोघं निवृत्त झाली, मुलं दूरच्या शहरांत. जानेवारीत त्यांच्या गावी पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो. म्हातारपणी बर्फावर एकदा पाय घसरला की खुबा मोडतो आणि मग माणूस घराबाहेरच पडत नाही, हे त्यांनी आपल्या आईवडलांच्या बाबतीत पाहिलं होतं. दोन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर कापून ही दोघं येतात त्याचं खरं कारण हे. लोक याला हौस म्हणतात. मला त्यात हौसेपेक्षा पायांवर उभं राहण्याची जिद्द जास्त दिसली.

त्यांचं घर फिफ्थ व्हील जातीचं. म्हणजे त्याला स्वतःचं इंजिन नाही. पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकतं. ठरलेल्या जागेत ते उलटं घालणं हे मोठं कसब. काका आरशात बघत गाडी मागे घेतात, काकू हाताने खुणा करतात; आरडाओरडा नको म्हणून खुणा आधीच ठरलेल्या. मग चाकांना पुढूनमागून अडकण लागते, पाणसळ ठेवून घर आडवं-उभं समतल केलं जातं. ही समतलाची घाई पायाखाली बरं वाटावं म्हणून नसते. जुन्या धर्तीचा गॅसवर चालणारा फ्रिज अमोनियावर काम करतो, आणि तो अमोनिया नळ्यांतून उतारावरूनच परत येतो. घर कललेलं राहिलं तर फ्रिज थंड होत नाही आणि शेवटी कायमचा बिघडतो. त्यानंतर पाण्याची नळी, वीज, सांडपाण्याची नळी. मग एक बटण दाबलं की बैठकीची भिंत खोलीसकट तीन फूट बाहेर सरकते आणि घर एकदम ऐसपैस होतं.

आत राहणं म्हणजे रोजचा हिशेब. वीजजोडणी 30 अँपिअरची असेल तर सगळं मिळून साडेतीन हजार वॅटच्या आसपास मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की बटण पडतं. 50 अँपिअरच्या जोडणीवर बारा हजार वॅट मिळतात, म्हणून ती जागा महाग. प्रवासात पाण्याची टाकी भरून नेली तर साठ गॅलनचं वजनच सव्वादोनशे किलो, आणि घर किती वजन पेलेल ते दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. म्हणून नवं पुस्तक आलं की जुनं पार्काच्या वाचनकोपऱ्यात जातं. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या बाईंना ते सोपं जात नाही, हे त्या सांगत नाहीत, पण कपाटासमोर त्या किती वेळ उभ्या राहतात ते मी पाहिलंय.

सांडपाण्याच्या टाक्या दोन. आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची करडी, संडासाची काळी. नवखा माणूस काळ्या टाकीची झडप उघडीच ठेवतो; मग पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी साचून दगड होतं. जाणता माणूस टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत थांबतो, हातमोजे घालतो, आधी काळी सोडतो आणि मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम प्रत्येक जण स्वतः करतो. बँकेतून मोठ्या पदावर निवृत्त झालेला आणि ट्रक चालवून निवृत्त झालेला शेजारी-शेजारी वाकून एकच नळी धुतात. पार्कातल्या बरोबरीच्या वागण्याची सुरुवात मला तिथे दिसली.

ही रीत आजची नाही. 1919 साली फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या डी सोटो पार्कात मोटारीने फिरून तंबू ठोकणाऱ्यांनी टिन कॅन टूरिस्ट्स नावाची संघटना काढली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा लावायचा, ही त्यांची खूण. पुढे निवृत्तिवेतन आलं, 1956 च्या कायद्याने हमरस्ते आले, 1960 च्या दशकात आयोवातल्या विनेबेगो कंपनीने मोटारघर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणलं. उन्हाच्या शोधात दक्षिणेला जाणं श्रीमंतांपुरतं राहिलं नाही.

पार्काच्या फळ्यावर आठवड्याचा कार्यक्रम टांगलेला असतो. सकाळी पिकलबॉल, मग पाण्यातला व्यायाम, दुपारी गोधड्या शिवणं, पत्ते, संध्याकाळी कोणाची गिटार, कोणाचं अ‍ॅकॉर्डियन. गुरुवारी प्रत्येकाने एक पदार्थ आणून एकत्र जेवायचं. जानेवारीत पाऊण तासावरच्या क्वार्ट्झसाइट गावी आरव्हींचा मोठा बाजार भरतो, तिथे टोळीने जायचं. वाळवंटात रंगीत दगड शोधायचे. त्याच गावच्या स्मशानात पिरॅमिडच्या आकाराचं एक थडगं आहे, वर धातूचा उंट. अमेरिकन लष्कराने एकोणिसाव्या शतकात उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीचं ते. स्थानिकांच्या तोंडी त्याचं नाव हाय जॉली झालं. तो 1902 साली इथेच वारला.

पण फळ्यावर नसलेल्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या. सकाळी नऊपर्यंत तुमच्या खिडकीचा पडदा वर गेला नाही तर शेजारी येऊन दार वाजवतो. प्रत्येकाच्या फ्रिजवर औषधांची यादी आणि मुलांचे फोन नंबर चिकटवलेले. कोणाची किल्ली कोणाकडे आहे ते सगळ्यांना ठाऊक. काकांच्या छातीत एका रात्री दुखू लागलं तेव्हा रुग्णवाहिका येईपर्यंत तीन घरांतली माणसं जमली होती; एक जण फाटकाशी बॅटरी घेऊन उभा, एक काकूंबरोबर निघालेली, एकाने त्यांचा कुत्रा आपल्याकडे नेला. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सुदैवाने दुखणं पित्ताचं निघालं. सख्खी मुलं दोन विमानं बदलण्याच्या अंतरावर असताना वर्षातले सहाच महिने भेटणारी ही माणसं एवढं करतात, ते पाहून मला माझ्यासारख्या आयांची आठवण झाली. पुण्या-नागपूरहून येणारे आम्ही आईवडीलही बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम घेऊन अमेरिकेत उतरतो. नातवंडं असतात, घर मोठं असतं, कशाची वाण नसते. पण गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही आणि दुपार सरता सरत नाही. आमच्यातल्या कोणीही शेजारचं दार वाजवत नाही, हे मी स्वतःकडे बघूनच म्हणते.

या उन्हाच्या जमिनीखाली दुसऱ्या हकिगतीही आहेत, त्या सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. पार्करच्या आसपासची बरीच जमीन कोलोरॅडो रिव्हर इंडियन ट्राइब्सची. 1865 साली स्थापलेल्या या राखीव क्षेत्रात मोहावे, चेमेवेवी, होपी आणि नावाहो लोक राहतात. नदीकाठचे काही पार्क त्यांच्याकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीवर आहेत. घर तुमचं, खालची माती तुमची नाही. करार संपला की उठावं लागतं. याच क्षेत्रात, पार्करच्या दक्षिणेला, पोस्टन आहे. 1942 ते 1945 या काळात सरकारने जपानी वंशाच्या सतरा हजारांवर माणसांना तिथल्या छावणीत कोंडून ठेवलं होतं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. छावणीला जमातींच्या मंडळाने विरोध केला होता, तो डावलला गेला. ज्या वाळवंटात आज लोक आपखुशीने म्हातारपण घालवायला येतात तिथेच तेव्हाच्या म्हाताऱ्यांना काटेरी कुंपणात हिवाळे काढावे लागले. काकूंनी मला स्वतः गाडी चालवत पोस्टनच्या स्मारकाशी नेलं. पार्कातल्या प्रत्येक नव्या माणसाला त्या तिथे नेतात.

आणि नदीच्या खालच्या अंगाला युमा. थंडीत अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या लेट्यूससारख्या पालेभाज्यांचा फार मोठा हिस्सा तिथे पिकतो. याच महिन्यांत, पहाट व्हायच्या आत, मेक्सिकोतल्या सान लुईसहून हजारो मजूर सीमा ओलांडून शेतात येतात आणि संध्याकाळी परततात. बीडची माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात तोच हा हंगाम. स्नोबर्ड मंडळी युमाजवळूनच उलट्या दिशेने पायी सीमा ओलांडतात, ती लॉस अल्गोदोनेसला. एवढ्याशा गावात दंतवैद्यांची शेकडो खुर्च्यांची बाजारपेठ आहे, कारण अमेरिकेच्या मूळ मेडिकेअर विम्यात दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत. काकांची वरची कवळी तिथलीच. विम्याचे असे हिशेब सगळ्यांनाच करावे लागतात. पलीकडच्या घरातलं जोडपं ऑन्टारिओचं. बारा महिन्यांत 212 दिवसांहून जास्त बाहेर राहिलं तर प्रांताचा आरोग्यविमा धोक्यात येतो, म्हणून त्यांच्या दारामागे दिनदर्शिका आणि प्रत्येक दिवसावर फुली.

चाकं थांबायची वेळ कधीतरी येतेच. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन गावी एस्केपीज या 1978 साली निघालेल्या आरव्ही क्लबचं मुख्य ठाणं आहे. प्रवास झेपेनासा झालेल्यांना तिथे आपल्याच आरव्हीत राहता येतं; जेवण, दवाखान्याला ने-आण, दिवसभराची देखभाल मिळते. काकूंनी तिथली माहिती मागवून ठेवली आहे. काकांना तो विषय नको असतो.

छातीत दुखलेल्या त्या रात्रीनंतर काकूंनी एक निर्णय घेतला. तोवर घर ओढत चालवायचं ते काकांनीच. त्यांना काही झालं असतं तर काकू, घर आणि कुत्रा, तिघं दोन हजार किलोमीटर दूर अडकली असती. पार्कात अशा बायका पुष्कळ निघाल्या. मग ट्रक चालवून निवृत्त झालेल्या त्या शेजाऱ्याने मोकळ्या मैदानात शंकू मांडले आणि आठवड्यातून दोन सकाळी शिकवणी सुरू केली. स्टिअरिंगच्या तळाला हात धरायचा आणि घर ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्यायचा, ही पहिली शिकवण. वळणावर मागची चाकं आत कापतात, म्हणून पुढे जास्त जाऊन मग वळायचं, ही दुसरी. शंकू बरेच चिरडले गेले. मार्चअखेर काकूंनी घर जोडलं, नदीकाठच्या रस्त्याने धरणापर्यंत नेलं, वळवून परत आणलं आणि आपल्या जागेत उलटं घातलं; या वेळी हाताने खुणा करायला काका उभे होते. एप्रिलमध्ये परत जाताना पहिल्या दिवशी त्या चालवणार, डोंगरांचा टप्पा काका आणि पुढचं सपाट पुन्हा त्या, असं वाटप त्यांनी कागदावर लिहून ठेवलं आहे. त्याच कागदावर खाली पुढच्या ऑक्टोबरच्या जागेचं आगाऊ भाडं भरल्याची तारीखही आहे.